सरपंच, आमच्या म्हाताऱ्यांच्या आधी निसणी तुम्ही धरा

प्रति,
सरपंच, उपसरपंच आणि सर्व सदस्य,
धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायती

सप्रेम नमस्कार.

मी धुळ्यात फॅब्रिकेशनचं दुकान चालवतो. खिडक्यांच्या ग्रिल, शटर, जिन्याचे कठडे आणि लोखंडी शिड्या बनवतो. पंचवीस वर्षं हेच काम आहे. हे पत्र मात्र मी दुकानदार म्हणून लिहीत नाही, निसणीवरून, म्हणजे शिडीवरून, पडलेल्या एका बापाचा मुलगा म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव पांझराकाठी. आई आणि आप्पा तिथे राहायचे, मी दुकानामुळे धुळ्यात. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. स्वयंपाकघरावरचा पत्रा दोन-तीन खिळ्यांपाशी गळायचा. मृग लागायच्या आत तिथे डांबर लावायचं म्हणून आप्पा सकाळी सहालाच निसणी लावून वर चढले. आपल्याकडे मे महिन्यात आठ वाजले की पत्र्याला हात लावता येत नाही, म्हणून घाई. काम झालं. डांबराचा डबा डाव्या हातात अडकवला आणि ते उतरायला लागले. सगळी निसणी उतरून आले आणि खालच्या दोन दांड्या राहिलेल्या असताना पाय सरळ हवेत टाकला.

"माले वाटनं, जमीन उनी," मला वाटलं, जमीन आली, एवढंच ते नंतर सांगत राहिले.

उंची किती, तर दोन फूट. निसणी मोडली नाही, सरकली नाही, दांडी निसटली नाही. मी स्वतः अंगणात बसून ती तपासली. बांबूची जुनी निसणी, काथ्याने आणि तारेने बांधलेली, खालून दुसरी दांडी कधीतरी तुटली म्हणून तिथे बाभळीचा दांडा बसवलेला. सगळं जागच्या जागी घट्ट होतं. वरच्या दोन दांड्यांवर डांबराच्या बोटांचे ठसे होते आणि खालच्या दांडीवर काहीच नव्हतं, कारण तिथे त्यांचा पाय पोचलाच नाही. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पट्टी बसली, वॉकर आला. अंगणाच्या दारापर्यंत यायचे, तिथून पत्र्याकडे बघायचे. सव्वा वर्षाने गेले.

शिड्या बनवणाऱ्या माणसाच्या बापाच्या घरी काथ्याने बांधलेली निसणी होती. मी गिऱ्हाइकांना रबरी बूट लावून, दांड्या मोजून शिड्या दिल्या आणि माझ्या घरी काय आहे ते पाहिलं नाही. ही चूक माझीच आहे, ती मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. पण त्यानंतर मी लोकांना विचारायला लागलो. दुकानात येणारा प्रत्येक जण कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी जावई असतो. अमळनेरकडचा असो, शिरपूरचा असो, साक्रीचा असो, "आमचे नानाही असेच पडले" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की हे आमच्या एका घरापुरतं नाही, एवढं मला कळून चुकलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात आणि त्यांत सर्वांत जास्त साठीपुढची असतात. आपण मात्र पडण्याला अपघात म्हणतच नाही. बसखाली कुणी आलं तर गाव रस्त्यावर उतरतं. निसणीवरून पडलं की "वय झालं होतं, कशाला चढायचं" म्हणून आपण मोकळे होतो.

"कशाला चढायचं" याचं उत्तर मला तुमच्यासमोर मांडायचं आहे. आमच्या घरांचं वर्ष बघा. चैत्र-वैशाखात वाळवणं. बिबड्या, कुरडया, पापड, मिरच्या, सगळं धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर. हे काम बायकांचं, तेही साठी-सत्तरीच्या बायकांचं, कारण सुना शेतात नाहीतर शहरात. एका हातात परात, दुसऱ्या हाताने दांडी, आणि साडीचा काठ पायाखाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येणार म्हणून निंबाच्या फांदीला झोका बांधायचा. गाठ मारायला आजोबाच चढतात, कारण गाठ फक्त त्यांनाच येते. मग पाऊस यायच्या आत धाब्यावर खारी माती टाकायची, पत्र्याची भोकं बुजवायची, पन्हाळी साफ करायची. श्रावणात कानबाई देवी बसायच्या आधी घर रंगवायचं. दिवाळीला जाळी काढायची, आकाशकंदील टांगायचा. पाणी रोज येत नाही, म्हणून गच्चीवरच्या टाकीत किती उरलं ते बघायला मधून मधून वर जायचं. वारा सुटला की टीव्हीची छत्री फिरते, ती सरळ करायची. आणि उन्हाळाभर रात्री गच्चीवर झोपायचं. काखेत वळकटी घेऊन वर जायचं, आणि पहाटे तीनला लघवीला उठलं की झोपेत, अंधारात तीच निसणी उतरायची. यातलं हे शेवटचं मला सगळ्यात भयंकर वाटतं, आणि त्याबद्दल कुणीही बोलत नाही.

ही कामं कुणी करायची? मुलगा सुरतेला, वापीला, नाशिकला, पुण्याला. मजूर अर्ध्या तासाच्या कामाला येत नाही. आला तर दिवसाची मजुरी मागतो, आणि त्याचंही चुकत नाही, त्याचा दिवस मोडतो. गवंडी म्हणतो, चार घरांचं जमलं की येतो. शेजारच्या पोराला सांगायचं तर रोज रोज कसं सांगणार? मग आप्पा म्हणतात, "मी शे ना." मी आहे ना. या तीन शब्दांत हट्ट आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, त्यात अडचण आहे. ज्याला हाक मारायला माणूस नाही, तो स्वतःलाच हाक मारतो.

म्हणून, सरपंच ताई आणि दादांनो, माझं मागणं एकच आहे. निसणीवर चढण्याचं काम हे प्रत्येक म्हाताऱ्याचं एकट्याचं काम राहू नये, ते गावाचं काम व्हावं. गावात लग्नाची भांडी सामाईक असतात, भजनी मंडळाचा मृदंग सामाईक असतो, तशी एक चांगली शिडी ग्रामपंचायतीत असावी आणि तिच्याबरोबर चढणारे दोन-तीन तरुण असावेत. ज्या घरात फक्त साठीपुढची माणसं आहेत, त्या घरचं वरचं काम त्यांनी करून द्यायचं.

तुमच्याकडे दिवस आधीच ठरलेले आहेत. ग्रामसभा १ मे आणि २ ऑक्टोबरला होतात. एक पावसाच्या तोंडावर, दुसरी दिवाळीच्या तोंडावर. याहून नेमकी वेळ कोणती? १ मेच्या ग्रामसभेत एकट्या म्हाताऱ्यांच्या घरांची यादी वाचा. ती करायला वेगळा सर्व्हे नको, आशाताई आणि अंगणवाडीताईंना ती घरं तोंडपाठ असतात. कुणाचा पत्रा गळतो, कुणाच्या धाब्यावर माती टाकायची, कुणाची टाकी धुवायची, एवढं लिहून घ्या आणि मेचे पहिले दोन रविवार गावातल्या तरुण मंडळाला द्या. चहा-नाश्ता ग्रामनिधीतून होऊ शकतो. मजुरी द्यायची ठरली तर तीही फार होणार नाही, कारण सलग दहा घरांचं काम एका दिवसात उरकतं.

माझ्या गावात गेल्या वर्षी आम्ही हे केलं. शिडी मी दिली, तीन पोरं पुढे आली. पहिल्या रविवारी एकाही म्हाताऱ्याने निरोप दिला नाही. सगळे म्हणाले, आमचं आम्ही बघतो. दुसऱ्या रविवारी आम्ही पद्धत बदलली. पोरांनी जाऊन म्हटलं, "तात्या, तुम्ही खाली खुर्ची टाकून बसा आणि सांगा, कुठे काय करायचं." तात्या बसले. कोणता खिळा, कोणती घडी, माती कुठे दाबायची, पाण्याचा उतार कुठे ठेवायचा, तासभर सांगत होते. त्या पोरांपैकी एकालाही धाब्यावर माती कशी दाबतात ते येत नव्हतं, आता येतं. त्यानंतर बाकीच्या घरांतून बोलावणी आली. हे तुम्ही लक्षात ठेवा. म्हाताऱ्या माणसाला मदत नको असते, त्याला काम त्याच्या हुकमाने झालेलं हवं असतं.

आता शिडीबद्दल, कारण ते माझं काम आहे.

दहा फुटी स्लॅबच्या घराला दहा फुटी शिडी पुरत नाही. शिडीचं टोक स्लॅबच्या काठावर तीन फूट तरी वर आलं पाहिजे. नाहीतर वर पाऊल टाकताना हाताला धरायला काही राहत नाही, आणि तिथेच माणूस मागे जातो. म्हणून चौदा फूट. उभे दांडे दीड इंची चौकोनी पाइपचे, आडव्या पायऱ्या इंची पाइपच्या, सपाट बाजू वर करून. दोन पायऱ्यांमध्ये सगळीकडे एकच एक फूट अंतर, आणि जमीन ते पहिली पायरी हेही तेवढंच. अशी शिडी जड होते, उचलायला दोन माणसं लागतात. गिऱ्हाईक याला तोटा समजतं. मी म्हणतो, हेच तिचं चांगलं आहे, एकट्या म्हाताऱ्याला ती उभीच करता येणार नाही. खाली रबरी बूट हवेत. बाजारात बूट नसलेल्या शिड्या सर्रास विकल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं. जुन्या टायरचा तुकडा कापून नट-बोल्टने बसवला तरी काम होतं. अंगण मातीचं किंवा सारवलेलं असेल तर खाली फळी टाका, नाहीतर एक पाय रुततो आणि शिडी वळते.

आणि खालच्या दोन पायऱ्यांना पिवळा रंग द्या. हे मी आप्पांमुळे शिकलो. त्यांना दुहेरी भिंगाचा चष्मा होता. खाली बघताना डोळा त्या वाचायच्या भिंगातून बघतो, आणि पायाशी असलेलं सगळं धूसर होतं. बांबू मातकट, जमीन मातकट. कुठे दांडी संपली आणि कुठे जमीन सुरू झाली ते त्यांना दिसलंच नसणार. आता माझ्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या पिवळ्या असतात. घरात जुनी निसणी असेल तर तिलाही आजच रंग लावा, त्यासाठी माझ्याकडे यायची गरज नाही.

लावायची कशी? चार हात वर तर एक हात बाहेर. म्हणजे दहा फूट उंचीला भिंतीपासून अडीच फूट. शिडीच्या पायाशी बोटं टेकवून सरळ उभं राहायचं आणि हात समोर ताठ करायचे. तळवे पायरीला नीट टेकले तर शिडी बरोबर लागली. फार उभी लावली तर माणूस मागे जातो, फार आडवी लावली तर पाय सरकतो. चढता-उतरताना दोन पाय आणि दोन हात यांतले तीन कायम शिडीला. म्हणजे हातात डबा, परात, वळकटी काही नाही. सामान दोरीने वर ओढायचं. काम करताना बेंबी शिडीच्या दोन दांड्यांच्या मध्ये राहिली पाहिजे. हात पुरत नसेल तर वाकायचं नाही, उतरून शिडी सरकवायची. खाली धरणाऱ्याने दोन्ही हातांनी धरायची, मोबाइल खिशात. आणि लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची शिडी खांबावरून घरात येणाऱ्या विजेच्या वायरजवळ न्यायचीच नाही.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल वेगळं सांगतो, कारण त्यावरून तरुणही जातात. तो वरून दगडासारखा दिसतो आणि पाय पडला की पापडासारखा फुटतो. खालचा अँगल जिथे आहे त्या खिळ्यांच्या रेषेवर आडवी फळी टाकल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नका.

तुमच्या हातात आणखी एक मोठी गोष्ट आहे. गावोगाव घरकुलं होत आहेत. पंतप्रधान आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं. तेवढ्यात जिना कुठे बसवणार? मी पाहिलेल्या बहुतेक घरकुलांना स्लॅब आहे आणि वर जायला जिना नाही. मग त्या घराला जन्मभर टेकवलेली निसणी येते. जिन्याला पैसे नसतील हे मला कळतं. पण स्लॅब टाकताना काठाशी सळईच्या दोन कड्या बाहेर सोडल्या तर शिडी वर बांधता येते. त्याला फूट-दीड फूट सळई लागते, आणि बांधलेली शिडी सरकत नाही. घरकुलाची पाहणी करायला येणाऱ्या इंजिनिअरला तुम्ही हे एकदा सांगा. जुन्या घरांना भिंतीत पक्की बसवलेली, बाजूला कठडा असलेली शिडी हवी. गच्चीवर झोपणाऱ्या घरांना तर ती हवीच, आणि तिथे एक छोटा बल्ब, ज्याचं बटण वरही असेल.

डॉक्टर मंडळींकडून कळलेलं थोडं सांगतो, कारण ग्रामसभेत ते सांगायला हवं. ब्लड प्रेशरच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी पटकन उभं राहिलं किंवा वर मान करून काम केलं की चक्कर येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल तर जखम दिसो न दिसो, दवाखाना गाठायचा. मेंदूभोवती रक्त हळूहळूही साठतं, कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखणं, झोपाळूपणा, बोलणं अडखळणं सुरू होतं, आणि घरच्यांना तोवर पडल्याचं आठवतही नाही. आणि माणूस पडला की काखेत हात घालून त्याला उठवू नका. आम्ही आप्पांना तसंच उठवलं, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून रस्त्यापर्यंत आणलं. मोडलेला खुबा त्या खड्ड्यांवरून गेला. एक पाय आखूड आणि पंजा बाहेर वळलेला दिसला तर तो खुबा आहे असं समजा, आहे तिथेच झोपवून ठेवा आणि १०८ ला फोन करा.

सरकार काही करत नाही असं मी म्हणत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्यांना एकरकमी तीन हजार रुपये मिळतात. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. आप्पांच्या वेळी हे असतं तर आम्हाला आधार झाला असता. पण काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, ऑपरेशन, हे सगळं बहुतेक वेळा पडल्यानंतरचं आहे. पडायच्या आधीचं काम मुंबईतून होणार नाही. ते गल्लीतल्या माणसालाच करावं लागेल, आणि गल्लीतलं सरकार तुम्ही आहात.

शिडीचं माप, पायऱ्यांचं अंतर आणि कड्यांची जागा मी एका कागदावर काढून ठेवली आहे. मला तुमच्याकडून ऑर्डर नको आहे. तो कागद ज्या गावाला हवा त्याने न्यावा, आपल्याच गावच्या वेल्डरकडून शिडी करून घ्यावी. वेल्डरला काही अडलं तर त्याने दुकानात यावं, मी समोर बसून दाखवीन. १ मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक ओळ टाका: ज्येष्ठांच्या घरांची छपरं आणि धाबे. ग्रामसभेत दहा मिनिटं दिलीत तर मी शिडी गाडीवर टाकून तुमच्या गावाला येईन आणि लावून दाखवीन. येण्याजाण्याचा खर्च माझा.

पिवळा रंगही घेऊन येईन.

आपला नम्र,
धुळ्याचा एक फॅब्रिकेटर